कळते, पण वळत नाही

एका डब्यावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी; मुलाच्या हाती लाल सशाचे चित्र. रंगाचा नियम असेल, तर ते होडीच्या डब्यात जाते. आकाराचा असेल, तर सशाच्या. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांच्या या प्रसिद्ध चाचणीत तीन वर्षांची बहुतेक मुले नियम बदलल्यावरही पहिल्याच नियमाने चित्रे लावत राहतात. नवा नियम कोणता, असे विचारल्यास तो मात्र अचूक सांगतात. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हा पालट साधतो.

म्हणजे हा हट्ट नव्हे. कळणे आणि वळणे यांतील अंतर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. या वयात तेच शिंपले आज रंगाने, उद्या आकाराने, परवा मुलांनीच ठरवलेल्या नियमाने वेगळे करता येतात.

पुढे ९८ आणि ४७ यांची बेरीज करताना एखादी विद्यार्थिनी १०० मध्ये ४५ मिळवते. उत्तर १४५ च येते. तिच्या वहीवर ‘रीत चुकली’ असा शेरा पडला, तर ती दुसरी वाट शोधणेच सोडून देईल. शिक्षकांनी विचारावे एवढेच : ‘हे तुला कसे सुचले?’