चारही चाकं कामाला!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एक कायदा आहे. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात डेन्व्हरजवळच्या मॉरिसनपासून डोंगरांपलीकडच्या डॉटसेरोपर्यंत आय-७० महामार्गावरून जायचं, तर गाडी बर्फासाठी सज्ज हवी. साधी टू-व्हील ड्राइव्ह असेल तर बर्फाचे टायर लावा, नाहीतर चाकांना बांधायच्या साखळ्या डिकीत ठेवा. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर टायरच्या खाचा ३/१६ इंच, म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, खोल आहेत ना एवढं बघा आणि निघा. वर्षातले नऊ महिने हा नियम! अशा मुलुखात सुबारूची क्रॉसट्रेक गल्लोगल्ली दिसते, यात नवल काही नाही.

२०११ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ती ‘एक्सव्ही’ या नावानं पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१२ सरता सरता अमेरिकेत विकायला लागली. मुळात ही सुबारूची इम्प्रेझा हॅचबॅकच. तिला उचलून उंच केली, चाकांच्या कमानींवर काळं प्लास्टिक चढवलं आणि नारिंगी, खाकी असे लांबून ओळखू येणारे रंग दिले. जमिनीपासून पोटाची उंची तब्बल २२० मिलिमीटर. आपल्याकडची क्रेटा १९० वर आहे, ग्रँड विटारा २१० वर. २०२४ मध्ये ‘वाइल्डरनेस’ नावाचं आणखी दांडगं रूप आलं, ते २३६ वर!

क्रॉसट्रेकच्या मालकांना बोलतं केलं की कौतुक आणि तक्रार एकाच दमात बाहेर पडतात. त्या दोन्हींचा माग काढत गेलं की आपण जवळजवळ दर वेळी दोनच ठिकाणी पोचतो. एक, बॉनेटखाली झोपवलेलं इंजिन. दोन, कायम कामाला जुंपलेली चारही चाकं.

इंजिन झोपलेलं, मालक खूश

बहुतेक गाड्यांच्या इंजिनात पिस्टन उभे असतात, वर-खाली होतात. सुबारूत ते आडवे पडलेले असतात: दोन डावीकडे, दोन उजवीकडे. समोरासमोरचे दोघे एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, म्हणून याला बॉक्सर इंजिन म्हणतात. १९६६ च्या ‘सुबारू १०००’ पासून कंपनीनं ही रचना धरून ठेवली आहे. आज मोटारींसाठी बॉक्सर इंजिन बनवणारे दोनच ठळक कारखानदार उरलेत, सुबारू आणि पोर्शे. सुबारूची गाडी पोर्शेच्या मानानं कितीतरी स्वस्त, हे मालक मोठ्या आनंदानं सांगतात आणि त्यांचा तो आनंद मला पुरेपूर पटतो.

झोपलेल्या इंजिनाचं वजन खाली राहतं. म्हणून एवढी उंच गाडी घाटातल्या वळणावर फारशी कलत नाही. ‘उंचावर बसतो, पण चालवताना मोटारच वाटते’ हे मालकांचं वाक्य तिथूनच येतं. शिवाय आडव्या पिस्टनांचे धक्के एकमेकांना मारून टाकतात, त्यामुळे सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगला थरथर कमी.

आता याच इंजिनाची दुसरी बाजू. क्रॉसट्रेकचं ऑइल फिल्टर इंजिनाच्या वर, बॉनेट उघडलं की समोरच दिसेल असं बसवलंय. घरच्या घरी तेल बदलणारे लोक या एका गोष्टीवर फिदा आहेत, आणि तेल स्वतः बदलणं हा अमेरिकेत अनेकांचा शनिवारचा उद्योग आहे. स्पार्क प्लग मात्र इंजिनाच्या दोन्ही अंगांना, गाडीच्या सांगाड्याला चिकटून. हात जाईल इतकीच फट! बॅटरी हलवा, हवेचा पाइप काढा, पाना तुकड्या-तुकड्यांनी आत सरकवा, असा तो सगळा खटाटोप. ज्या मालकाच्या तोंडून फिल्टरची स्तुती ऐकावी, त्याच्याच तोंडून प्लगच्या नावानं शिव्या ऐकू येतात.

ती प्रसिद्ध गुरगुर कुठे गेली?

नव्या मालकांचा एक हमखास हिरमोड होतो. सुबारू म्हटलं की रॅलीतली निळी इम्प्रेझा आठवते, तिची सोनेरी चाकं आठवतात. कॉलिन मॅक्रे १९९५ मध्ये, रिचर्ड बर्न्स २००१ मध्ये आणि पेटर सोल्बर्ग २००३ मध्ये सुबारू चालवूनच जगज्जेते झाले. त्या गाडीचा तो खास खर्जातला, अडखळत येणारा आवाज! तो यायचा धुराच्या नळ्यांमुळे. इंजिनाच्या दोन बाजूंच्या नळ्यांची लांबी वेगवेगळी होती, त्यामुळे धुराचे ठोके एका लयीत पडत नसत. क्रॉसट्रेकच्या नव्या पिढीच्या इंजिनात नळ्या सारख्या लांबीच्या आहेत. इंजिनाला ते सोयीचं, कानाला मात्र चुकल्याचुकल्यासारखं.

आवाज येतो तो गिअरबॉक्सचा. यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला आपोआप बदलणारा गिअर, आहे आणि त्यात पट्ट्याऐवजी पोलादी साखळी फिरते. चढावर पाय दाबला की आधी घरघर वाढते, वेग मागून येतो. सुरुवातीच्या दोन लिटर इंजिनाची ताकद १४८ अश्वशक्ती, पुढे १५२. महामार्गावर ट्रकला मागे टाकताना मालक दोनदा विचार करतात. २०२१ च्या मॉडेलपासून अडीच लिटरचं १८२ अश्वशक्तीचं इंजिन आलं आणि ही तक्रार बरीच निवळली. हाताचा गिअर हवा असणाऱ्यांना २०२३ पर्यंत तो मिळत होता, २०२४ च्या नव्या पिढीत तो गेला. त्याबद्दल हळहळणारे अजून भेटतात, आणि मीही त्यांच्यातच बसतो. हाताच्या गिअरच्या क्रॉसट्रेकमध्ये ताकद पुढे-मागे निम्मी-निम्मी वाटली जायची. सीव्हीटीवाल्या गाडीत साधारणपणे साठ टक्के पुढे आणि चाळीस मागे जाते, मग रस्ता बघून संगणक ते प्रमाण बदलत राहतो.

हे सगळं सुरू केलं वीज कंपनीनं

जपानच्या ईशान्येला तोहोकू हा बर्फाळ भाग. तिथल्या तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर कंपनीची माणसं डोंगरातल्या विजेच्या तारा तपासायला जीप घेऊन जायची. जीप बर्फ तुडवायची, पण आत बसणाऱ्यांचे थंडीनं हाल व्हायचे. बारा महिने चालेल आणि आत बसल्यावर मोटारीसारखी ऊबदार वाटेल अशी गाडी मिळेल का, असं कंपनीनं मियागी सुबारू या स्थानिक विक्रेत्याला विचारलं. विक्रेत्याच्या वर्कशॉपमधल्या मंडळींनी सुबारूचीच एक व्हॅन घेतली आणि तिला निसान ब्लूबर्डचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग, जोडून चारही चाकं चालवून दाखवली!

सुबारूच्या इंजिनीअरांनी ती कल्पना उचलली आणि १९७२ मध्ये ‘लिओन’ इस्टेट व्हॅन फोर-व्हील ड्राइव्हसह बाजारात आली. साध्या मोटारीच्या अंगाची आणि मोठ्या संख्येनं तयार होणारी ही पहिलीच फोर-व्हील ड्राइव्ह गाडी. तेव्हा मागची चाकं गरजेपुरती लिव्हरनं जोडावी लागत. पुढे १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक सुबारूला ऑल-व्हील ड्राइव्ह कायमची मिळाली. नंतर आलेली बीआरझेड ही स्पोर्ट्स कार तेवढी अपवाद. आज क्रॉसट्रेकचा मालक बर्फात काही न करता, कुठलंही बटण न दाबता निघून जातो, त्यामागे तारा तपासणाऱ्या त्या माणसांची कुडकुड आहे.

एका खिळ्यापायी चार टायर

चारही चाकं कायम जोडलेली असण्याची किंमत मालकाला टायरच्या दुकानात कळते. चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, असं सुबारू बजावून सांगते. परिघात पाव इंचाहून जास्त फरक नको. लहान झालेलं चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारतं, तो फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचला सतत झेलावा लागतो, तो तापतो आणि शेवटी मोठा खर्च निघतो. म्हणून निम्म्या झिजलेल्या टायरांपैकी एकाच्या कडेत खिळा घुसला, तर दुकानदार चार नव्यांचं बिल पुढे करतो.

यावर अमेरिकन टायरवाल्यांनी एक झकास तोड काढली आहे. ते नवा कोरा टायर यंत्रावर चढवून सुरीनं तासून देतात! बाकीचे तीन जितके झिजलेत, तितकाच चौथाही झिजवून मिळतो. पैसे देऊन नवा टायर जुना करून घेणारे ग्राहक बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्हवालेच असतात.

पेट्रोलचं गणितही त्याच चाकांशी जोडलेलं. अमेरिकेच्या सरकारी मोजणीत २०२४ ची क्रॉसट्रेक गॅलनला सरासरी २९ मैल देते, म्हणजे लिटरला साधारण सव्वाबारा किलोमीटर. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीसाठी हे चांगलंच. टाकी ६३ लिटरची, त्यामुळे एकदा भरली की साडेसातशे किलोमीटरची निश्चिंती.

एक गोष्ट मात्र जुनेजाणते मालक नवख्यांना कळकळीनं सांगतात. चारही चाकांची ताकद निघायला उपयोगी पडते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात! बर्फावर थांबवतो तो टायरचा रबर, म्हणून हिवाळ्यात हिवाळ्याचेच टायर लावावेत. कुठेही सहज चढून जाणारी गाडी उतारावर थांबेलच असा भ्रम झाला, की ती खड्ड्यात जाते. चिखलात किंवा निसरड्या चढावर ‘एक्स-मोड’चं बटण कामाला येतं, पण तेही हळू चालवण्यापुरतं, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ते आपोआप सुटतं. व्हरमाँट राज्यात निम्म्याहून जास्त रस्ते आजही कच्चे आहेत आणि बर्फ वितळताना तिथे चिखलाचा वेगळा ऋतूच असतो. तिथल्या मालकाला या बटणाची किंमत विचारावी.

काचेमागचे दोन डोळे

आरशाच्या दोन्ही बाजूंना, काचेला लागून दोन कॅमेरे असतात. अंतराचा अंदाज ते माणसासारखे दोन डोळ्यांनी घेतात आणि पुढची गाडी अचानक थांबली तर ब्रेक लावतात. सुबारूनं ‘आयसाइट’ नावाची ही व्यवस्था जपानमध्ये २००८ मध्ये आणली. मालक तिच्यावर विश्वास टाकतात, पण दाट धुकं पडलं, काचेवर बर्फ जमला किंवा सूर्य थेट डोळ्यांवर आला, की ती ‘सध्या बंद’ असं सांगून बाजूला होते. नेमकं गरजेच्या वेळी, अशी कुरकुर होते. मला मात्र दिसत नसताना दिसल्याचा आव न आणणारी यंत्रणा जास्त आवडते. काच तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेऱ्यांची नजरही पुन्हा जुळवून घ्यावी लागते. बिल त्या मानानं येतं.

विमानं, ससा आणि राष्ट्राध्यक्ष

सुबारूचं मूळ घराणं विमानांचं. चिकुहेई नाकाजिमा यांनी १९१७ मध्ये सुरू केलेली नाकाजिमा कंपनी दुसऱ्या महायुद्धात जपानसाठी लढाऊ विमानं बनवायची. युद्ध संपलं, विमानं बंद झाली. मग १९४६ मध्ये त्याच कामगारांनी ‘रॅबिट’ स्कूटर तयार केली आणि तिला उरलेल्या बाँबफेकी विमानांची शेपटाकडची चाकं लावली! पुढे १९५३ मध्ये पाच कंपन्यांतून फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली. बोधचिन्हात एक मोठी आणि पाच छोट्या चांदण्या आहेत, त्या याच घटनेच्या, आणि त्या आहेत आपल्या ओळखीच्या कृत्तिका. विमानांचा हात अजून सुटलेला नाही: बोइंग ७८७ च्या पंखांना जोडणारा मधला भाग सुबारूच बनवते.

अमेरिकेतला प्रवेश मात्र साधासुधा होता. १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम यांनी ‘सुबारू ३६०’ ही चिमुकली गाडी आणली. तिचं वजन हजार पौंडांच्या आत असल्यानं तिला तिथले सुरक्षेचे नियमच लागू होत नव्हते. १९६९ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकानं तिला थेट अस्वीकारार्ह ठरवलं.

त्यानंतरची ‘ब्रॅट’ तर भन्नाटच. अमेरिकेत परदेशी पिकअपवर २५ टक्के जकात होती, आणि तीही कोंबड्यांपायी! युरोपनं अमेरिकन कोंबडीवर कर लावला, त्याचं उट्टं म्हणून १९६४ पासून ती लागू झाली. सुबारूनं पिकअपच्या हौद्यात मागे तोंड केलेल्या दोन खुर्च्या बसवल्या, खाली गालिचा अंथरला आणि गाडी ‘प्रवासी’ म्हणून सोडवून घेतली. अशी एक ब्रॅट रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर होती.

मालक कोण, हे कंपनीनं शोधलं

१९९० च्या दशकात विक्री मंदावल्यावर सुबारूनं अभ्यास केला, की आपली गाडी घेतं तरी कोण? पाच गट निघाले: शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, संगणकवाले, डोंगर-जंगलात रमणारे आणि लेस्बियन स्त्रिया. पाचव्या गटाला मोठ्या कंपन्या तेव्हा जाहिरातीत सहसा हातही लावत नव्हत्या. सुबारूनं त्यांच्यासाठी उघडपणे जाहिराती केल्या, फक्त त्यांनाच उमजतील अशा नंबरप्लेट त्यांत लावल्या, आणि विरोधाची पत्रं आली तरी माघार घेतली नाही. २००० मध्ये टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा त्यांच्या जाहिरातीत झळकली. मालकांची आजची निष्ठा त्या धाडसातूनही आली आहे, असं मला मनापासून वाटतं.

ही निष्ठा गाडीवर चिकटवताही येते. मागितलं तर कंपनी मालकाला एक छोटा बिल्ला मोफत पाठवते. आतापर्यंत किती सुबारू घेतल्या तो आकडा आणि सोबत सायकल, तंबू, कुत्रा अशी आवडीची चिन्हं. सातवी-आठवी सुबारू मिरवणारे बिल्ले पार्किंगमध्ये दिसतात.

अडीच लिटरची क्रॉसट्रेक २०२३ पासून इंडियाना राज्यातल्या लाफायेतच्या कारखान्यात बनते. तिथला कचरा २००४ पासून उकिरड्यावर गेलेला नाही. नदीपलीकडेच पर्ड्यू विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या ओळखीचा हा परिसर. भारतात मात्र सुबारू स्वतःच्या नावानं आलीच नाही. जनरल मोटर्सकडे सुबारूचा काही हिस्सा होता त्या काळात तिची फॉरेस्टर आपल्याकडे ‘शेव्हर्ले फॉरेस्टर’ म्हणून विकली गेली. पुढच्या जाळीवर शेव्हर्लेचं सोनेरी चिन्ह, आणि बॉनेट उघडलं की तेच, आडवं पडलेलं बॉक्सर.