निगरगट्ट की घाबरलेलं?

दुसऱ्याला रडवूनही ज्याला अपराधी वाटत नाही, त्या मुलाला ‘जन्मजात दगड’ ठरवणं सोपं. पण मनोविकारतज्ज्ञ बेन कार्पमन यांनी १९४१ मध्येच या भावशून्यतेच्या दोन वाटा वेगळ्या केल्या होत्या: एक उपजत, दुसरी आघातातून आलेली. दुसऱ्या वाटेवरची मुलं वरून थंड, आतून चिंतेने पोखरलेली असतात.

जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघतो, हा आक्षेप खरा. तरी दत्तक मुलांच्या एका अमेरिकी पाहणीत जन्मदात्या आईकडून आलेला धोका दत्तक आईच्या कौतुकाने सौम्य झालेला दिसला. घराबाहेरच्या परिस्थितीचं काय? गोव्यात डिचोलीतल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले. म्हणून तिथली मुलं निर्ढावली म्हणणं मात्र उतावळेपणाचं. बाहेरचा ताण मुलापर्यंत येतो तो बहुधा घरातल्या संतापातून. गोव्यातल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुटुंबाचा आधार असलेल्यांत मानसिक विकार कमी आढळले, छळ सोसलेल्यांत जास्त. मग अशा मुलाला धाकाने वळवावं का? पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाळेतल्या छडीला गोवा बाल कायद्याने २००३ पासून बंदी आहे. तशीही शिक्षेला ही भावशून्य वाटणारी मुलं फारशी बधत नाहीत, कौतुकाला अधिक प्रतिसाद देतात.