पियानोच्या शिकवणींत यंत्रांचा शिरकाव

ज्या शाळेंत सभागृहाच्या कोपऱ्यांत पियानो ठेवलेला असतो, तेथील विद्यार्थ्यांनीं तो पाहिलेला असतो, आणि शिक्षकांची नजर चुकवून त्याच्या दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या नाहींत असा विद्यार्थी विरळा. आम्हीही त्यांतलेच. पुढें तेंच वाद्य शिकविणें हा आमचा व्यवसाय झाला, आणि आज कित्येक वर्षें आम्ही पुण्यास राहत्या घरीं, एका खोलींत, ही शिकवणी चालवीत आहों. अलीकडे नवीन मुलास घेऊन येणारे पालक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात: "मोबाईलवर सर्व कांहीं शिकतां येतें म्हणतात, मग मास्तर हवेत कशाला?" प्रश्न रागावण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर मात्र एका वाक्यांत देतां येत नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, पियानो हें स्वतःच एक यंत्र आहे, आणि तेंही बरेंच गुंतागुंतीचें. फ्लॉरेन्स येथें मेदिची घराण्याच्या पदरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नांवाचा कारागीर होता. त्यानें केलेल्या या वाद्याची नोंद इ. स. १७०० च्या एका यादींत सांपडते. त्याच्या हातचा १७२० सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयांत आहे. त्यापूर्वींच्या हार्प्सिकॉर्डमध्यें तार छेडली जाई. पट्टी हळू दाबा कीं जोरानें दाबा, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीनें तार छेडण्याऐवजीं तिच्यावर हातोडीचा आघात करण्याची योजना केली. परंतु हातोडी तारेस लागून तेथेंच टेकून राहिली, तर नाद जागच्या जागीं मरतो. म्हणून त्यानें अशी युक्ति काढली कीं, पट्टी तळास पोंचण्याच्या किंचित् आधीं हातोडी तिच्यापासून सुटावी, उरलेलें अंतर आपल्याच वेगानें उडत जाऊन तारेस लागावी, व लगेच मागें पडावी.

या एका गोष्टींत पियानोवादनाचें बरेंचसें मर्म सांठविलेलें आहे. हातोडी एकदां सुटली म्हणजे वाजविणाऱ्याचा तिच्यावर कांहींएक अधिकार उरत नाहीं. तत्पूर्वीं तिला किती वेग दिला, एवढेंच काय तें त्याच्या हातीं. मग पट्टी कितीही रेटून धरा, त्या स्वराचा जोर तिळभरही वाढत नाहीं. नवशिके विद्यार्थी पट्टी तळाशीं घट्ट दाबून बसतात, आणि मनगट दुखूं लागलें म्हणजे आमच्या तोंडाकडे पाहतात. त्यांना आम्ही पियानोचें झांकण उघडून हातोड्यांची हीच उडी दाखवितों.

यंत्रांच्या साह्यानें शिकविण्याची हौसही आजची नव्हे. तालाचे ठोके देणारें मेट्रोनोम हें यंत्र मूळचें ॲम्स्टरडॅमच्या विंकेलचें. मेल्त्सेल यानें त्याला मोजपट्टी जोडून १८१५ सालीं पेटंट आपल्या नांवें घेतलें, आणि कीर्ति सर्व त्यालाच मिळाली. बेथोव्हेननें १८१७ सालीं आपल्या आठ सिंफनींच्या गति याच यंत्राच्या आंकड्यांनीं जाहीर केल्या. त्याच सुमारास, म्हणजे १८१४ सालीं, डब्लिन येथें लोजिए नांवाच्या शिक्षकानें 'कायरोप्लास्ट' या उपकरणाचें पेटंट घेतलें. ही पट्ट्यांसमोर बसवावयाची एक चौकट; तींत विद्यार्थ्याचें मनगट व बोटें ठराविक जागीं धरून ठेवीत, म्हणजे हात वांकडा पडूं नये. कांहीं काळ तिचा मोठाच बोलबाला झाला. पुढें रॉबर्ट शुमान यानें बोटांस बळ आणण्यासाठीं एक यांत्रिक साधन वापरून पाहिलें. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचें बोट निकामी होऊं लागलें आणि वादक होण्याची त्याची आशा संपली. अपाय त्या साधनानेंच झाला कीं दुसऱ्या कारणानें, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. तरी बोट अडकविण्याचें कोणतेंही साधन आमच्या खोलींत येत नाहीं, हें आम्ही येथें सांगून ठेवितों.

आतां विजेवर चालणाऱ्या पियानोकडे वळूं. यांत तार नाहीं. स्वर आधींच मुद्रित करून किंवा गणितानें घडवून ठेविलेला असतो. मग हळू आणि जोरानें हा भेद त्याला कसा कळतो? प्रत्येक पट्टीखालीं थोड्याथोड्या अंतरावर दोन स्पर्शबिंदु बसविलेले असतात. पट्टी खालीं जातांना पहिला आधीं जुळतो, दुसरा मागाहून. दोहोंमधील वेळ मोजली कीं पट्टीचा वेग समजला. वेळ थोडी तर वेग अधिक, वेग अधिक तर आवाज मोठा. हा वेग १ ते १२७ या आंकड्यांत मांडण्याची व एका वाद्यानें तो दुसऱ्यास कळविण्याची 'मिडी' नांवाची सर्वमान्य पद्धति १९८३ सालीं प्रचारांत आली. म्हणजे क्रिस्तोफोरीची हातोडी गेली, पण वेगाचें तत्त्व तेंच राहिलें. चांगल्या प्रतीच्या वाद्यांत पट्ट्यांना वजनही दिलेलें असतें, खर्जाकडे जड व तारसप्तकाकडे हलकें.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें भाग आहे. सुमारें अकरा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे येऊं लागली. "घरीं वाद्य आहे ना?" असें आम्हीं विचारलें, "आहे," असें तिनें सांगितलें, आणि आम्हीं तेवढ्यावर समाधान मानलें. सहा महिने झाले तरी तिच्या वादनांत चढउतार म्हणून दिसेना. प्रत्येक स्वर सारखा, जणुं कोणी पाढे म्हणत आहे. आम्ही रागें भरलों, लक्ष नाहीं म्हणालों, एकदां तर वडिलांस चिठ्ठीही धाडली. पुढें कांहीं कामानिमित्त त्यांच्या घरीं जाणें झालें. दोन खोल्यांचें बिऱ्हाड, आणि टेबलावर खेळण्यावजा एक लहानसा कीबोर्ड. आम्हीं एक पट्टी हळू दाबली, मग जोरानें दाबली. आवाज रेसभर बदलला नाहीं. त्यांत वेग मोजण्याची सोयच नव्हती! जो दोष काढण्यासाठीं क्रिस्तोफोरीनें एवढा खटाटोप केला, तोच त्या मुलीच्या पदरीं बांधून आम्ही तिलाच दोष देत होतों. खोलींत मास्तर बसले होते, परंतु तिचें वाद्य त्यांनीं पाहिलेलें नव्हतें.

वजनदार पट्ट्यांचें एक जुनें वाद्य त्यांनीं हप्त्यानें घेतलें. वडिलांची पाळी पहाटेची, म्हणून ते लवकर निजत. रात्रीं नवानंतर ही कानाला हेडफोन लावून वाजवी, आणि शेजारच्या खोलींत पट्ट्यांच्या टकटकीखेरीज कांहीं ऐकूं जात नसे. खऱ्या पियानोनें हें कधींच शक्य झालें नसतें. तिच्या बोटांत मृदुपणा आला तो त्या वाद्यामुळें, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. त्यापूर्वीं अशा वाद्यांस आम्ही आपल्या उंबऱ्याच्या आंत येऊं देत नव्हतों.

दुसरें उपयोगी साधन म्हणजे साधें ध्वनिमुद्रण. वाजवितांना मन पुढच्या स्वराकडे धांवत असतें, त्यामुळें स्वतःचें वादन स्वतःस नीट ऐकूं येत नाहीं. आम्ही धडा संपतांना दोन मिनिटें मुद्रित करितों आणि मुलासच विचारितों, "गति कोठें वाढली?" दहांपैकीं आठ वेळां त्याला उत्तर सांपडतें. एकदां यंत्र बंद करावयाचें राहून गेलें आणि सबंध तासच मुद्रित झाला. घरीं ऐकून आमची मान खालीं गेली: अर्धा तास आम्हीच बोलत होतों.

२०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी लागली आणि सर्व शिकवणी पडद्यावर गेली. तेथें दोन अडचणी उभ्या राहिल्या. बोलण्यासाठीं केलेल्या त्या योजना माणसाचा आवाज राखतात व इतर ध्वनि गोंगाट समजून दाबतात. परिणामीं पियानोचा लांब स्वर अर्ध्यांतच गिळला जाई. मूळ ध्वनि जसाच्या तसा पाठविण्याची कळ कांहीं योजनांत असते, ती सांपडल्यावर हें पुष्कळसें सुधारलें. दुसरी अडचण विलंबाची, तिला उपाय नव्हता. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. पडद्यावर सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर ती दोन वादकांस चौतीस मीटर दूर बसविल्यासारखी गोष्ट होते. आणि मिनिटास १२० ठोक्यांच्या गतींत चतुर्थांश मात्रेस सेकंदाचा आठवा भागच मिळतो. तेव्हां दोघांनीं एकत्र वाजविणें सोडूनच द्यावें लागलें. मुलें घरीं वाजवून, मुद्रित करून पाठवीत, आणि आम्ही उत्तर लिहीत असूं.

पडद्यावर वरून खालीं येणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून वाजविण्याची जी रीत निघाली आहे, तिच्याविषयीं मात्र आमचें मत अनुकूल नाहीं. एखादी चाल त्यानें आठवड्यांत बसते, हें खरें. पण पडदा काढला कीं हात थांबतो. स्वरलिपि वाचतां येत नाहीं, आणि चुकलेला स्वर मुलास यंत्र सांगतें, कान सांगत नाहीं. पुढील चाल शिकण्यास तें पुन्हां पहिल्या पायरीवर उभें!

वाद्य विकत घेऊं इच्छिणाऱ्या पालकांनीं दुकानांत एवढें करावें: एकच पट्टी अगदीं हलकी, मग मध्यम, मग जोरानें दाबावी, आणि तीन निराळे आवाज येतात कीं नाहीं पाहावें. पट्ट्या ८८ असाव्यात. दोनशें बाजे आणि रंगीबेरंगी दिवे नसले तरी चालतील.

ती मुलगी अजून येते. शनिवारीं ती अर्धा तास आधीं येऊन आमच्या जुन्या पियानोवर हात फिरविते, कारण दोनशेंहून अधिक तारा एकमेकींस जाग्या करतात तो नाद हेडफोनमध्यें भेटत नाहीं. पावसाळ्यांत दमट हवेनें त्याचें लांकूड फुगून सूर चढतात, हिवाळ्यांत उतरतात. गेल्या श्रावणांत मधला एक स्वर दोनदां वाजवून ती म्हणाली, "सर, ह्याला कोणास तरी बोलवा." सूर लावणारे कारागीर पुढच्या मंगळवारीं आले.