उलट्या घडीचा लॅपटॉप

लॅमिंग्टन रोडवर मी कित्येक वर्षांत पाऊल ठेवले नव्हते. (त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा!) जून २०२५ मध्ये भर पावसात डोंबिवलीहून लोकल पकडून गेले, ती एका लॅपटॉपसाठी. दुकानातल्या मुलाने तो उघडला, पडदा मागे, आणखी मागे नेला आणि वहीची पाने उलटी दुमडावीत तसा पाठीला पाठ लावून मिटून टाकला. माझ्या तोंडून “अरे अरे, मोडेल!” असे निघून गेले.

“नाही मोडत काकू, तीनशे साठ डिग्री आहे,” तो म्हणाला.

मी तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली आहे. रेघ तीनशे साठ अंश फिरली की पुन्हा होती तिथेच येते, हे मुलांना फळ्यावर दाखवण्यात माझे आयुष्य गेले. ती फिरवण्यासाठी ७१ हजार ५०० रुपये मोजावे लागतील, असे कधी वाटले नव्हते. तेवढ्याच मेमरीचा, तोच प्रोसेसर असलेला साधा लॅपटॉप शेजारच्याच फळीवर होता आणि तो बरोबर बारा हजारांनी स्वस्त होता. म्हणजे प्रश्न बारा हजारांच्या बिजागरीचा आणि बोटाने चालणाऱ्या काचेचा होता.

आता हा प्रश्न आमच्या घरी का पडला ते सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांच्या भाषेत सौम्य. बोलणे आठ दिवसांत सुधारले, चालणे दोन महिन्यांत. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. हे बँकेतून निवृत्त झालेले आणि अकरा वर्षे आमच्या सोसायटीचे खजिनदार. बत्तीस बिऱ्हाडांचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, लिफ्टवाल्याचे बिल, सगळे ह्यांच्या हातचे. झटक्यानंतर कमिटीतली मंडळी भेटायला आली आणि प्रेमानेच म्हणाली, “आता तुम्ही आराम करा, हिशेब आम्ही बघू.” हे काही बोलले नाहीत. पण नोव्हेंबरपासूनच्या पावत्यांची पिशवी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही, कपाटात ठेवून दिली. मार्च संपला. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायलाच हवी, असा कायदा. पिशवी फुगत चालली.

घरी २०१४ सालचा टेबलावरचा संगणक होता. डाव्या हाताने माऊस धरला की बाण रकान्याऐवजी भलतीकडेच जाई, क्लिक करताना हात हले आणि आकडा ओढला जाऊन शेजारच्या घरात पडे. एकदा कुलकर्ण्यांचा मेंटेनन्स दोन मजले खाली उतरला. शिवाय त्या संगणकावर विंडोज ११ चढत नव्हते आणि विंडोज १० ची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, हे कंपनीने आधीच सांगून ठेवले होते. मुलगी बंगळूरला असते. ती फोनवर म्हणाली, “आई, टचस्क्रीनवाला घे. बाबांना थेट बोट लावता येईल.”

थेट बोट लावणे ही कल्पना तशी जुनी आहे. बिल गेट्स यांनी २००१ च्या नोव्हेंबरमध्ये, पाटीसारखा हातात धरायचा, पेनाने चालणारा संगणक दाखवून, पाच वर्षांत अमेरिकेत हाच सर्वाधिक खपेल असे भाकीत केले होते. ते काही खरे ठरले नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी उलट बाजू मांडली: उभ्या पडद्याला बोट लावत बसले की थोड्याच वेळात हात भरून येतो, म्हणून लॅपटॉपला टचस्क्रीन नको. मग २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि त्याच सुमारास लेनोव्होचा ‘योगा’ हा पार उलटा दुमडणारा लॅपटॉप बाजारात आला. पडदा उभा असेल तर हात दुखतो ना, मग तो आडवा करा, असा त्यामागचा साधा हिशेब. आज बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांचे असे लॅपटॉप मिळतात. आम्ही घेतला तो कोणाचा, हे लिहीत नाही. ही जाहिरात नव्हे आणि तक्रारअर्जही नव्हे.

त्या दुकानात मी तासभर घालवला. पहिली परीक्षा वजनाची. कागदावर एक किलो सहाशे ग्रॅम. उलटा मिटून पाटीसारखा एका हातावर धरून उभी राहिले आणि चार मिनिटांत मनगट बोलू लागले. म्हणजे ‘टॅबलेट म्हणूनही वापरा’ हे जाहिरातीतले वाक्य तिथेच निकालात निघाले. निव्वळ टॅबलेट साधारण अर्ध्या किलोचा असतो, हा त्याच्या तिप्पट. शिवाय पाटी करून धरली की मागे बोटांना कळा लागतात. त्या दबल्या तरी काही होत नाही, यंत्र त्या आपोआप बंद करते; पण चालू पंख्याला हात लावल्यासारखे मन कचरते.

दुसरी परीक्षा पडद्याची. काच चकचकीत. दुकानाच्या दाराशी नेऊन धरली तर माझाच चेहरा आणि मागचा केळेवाला स्पष्ट दिसू लागला. पडद्याच्या उजेडाचे माप निट्समध्ये सांगतात. या किमतीत बहुधा तीनशेच्या आसपास मिळते. खोलीत भरपूर झाले, गॅलरीत अपुरे. रंगही थोडे फिके असतात. लग्नाच्या अल्बममधला माझा राणी रंगाचा शालू त्यावर विटकरी दिसतो. हिशेबाला त्याने काही बिघडत नाही, फोटोचे काम करणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा.

तिसरी परीक्षा पेनाची. ते डब्यातच होते, हे आमच्या निवडीचे एक कारण. कित्येकदा ते वेगळे घ्यावे लागते आणि कुठलेही पेन कुठल्याही पडद्यावर चालत नाही, हे विक्रेते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी ‘श्री’ काढला, ‘ळ’ काढला, एक वर्तुळ काढले. हाताचा तळवा काचेवर टेकला तरी डाग उमटला नाही, हे उत्तम. पण पट्टीने ओढावी तशी सावकाश तिरकी रेघ ओढली, तर ती किंचित नागमोडी आली. भूमितीच्या बाईंना हे खुपणारच. “काकू, एवढं कोण बघतं?” मुलगा म्हणाला. मी बघते, असे मनात म्हणून पैसे दिले. अपघाताने काच फुटली तर भरपाई देणारा विमाही घेतला. साध्या वॉरंटीत फुटलेली काच येत नाही आणि नवा पडदा घालायचा खर्च ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसले होते.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस मला वाटत होते की फसलो. नेहमीच्या पद्धतीने उघडून पडद्याला बोट लावले की पडदा डुलायचा. हात लांब करून बोट टेकवायचे, तो परत आणायचा. वीस नोंदी झाल्या की ह्यांचा खांदा दुखू लागे. जॉब्सचे म्हणणे आमच्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध होत होते. पाटी करून टेबलावर आडवा ठेवला तर मान मोडायची आणि पडद्यावरचा टंकफलक निम्मी जागा खाऊन टाकायचा. उरलेल्या जागेत चार बिऱ्हाडे दिसत. एक्सेलचे रकाने इतके चिंचोळे की ह्यांचे बोट एका वेळी दोन सभासदांना दाबे. एका संध्याकाळी हे नुसतेच उठून गॅलरीत गेले. मी काही विचारले नाही.

उपाय सापडला तो दाढीच्या आरशामुळे. हे डाव्या हाताने दाढी करायला शिकले होते आणि त्यासाठी टेबलावरचा तिरका आरसा जवळ ओढून घेत. तसाच लॅपटॉप ठेवून पाहिला: कळा खाली टेबलाकडे, पडदा तिरका, अगदी छातीजवळ. कंपनीच्या पुस्तिकेत या अवस्थेचे चित्र आहे, पण तिथे एक तरुण जोडपे सिनेमा पाहत बसले आहे. आम्ही तिला ‘आरसा’ म्हणू लागलो. कळांचा भाग मधून दूर झाल्यामुळे पडदा वीतभर अंतरावर आला. कोपर टेबलावर टेकलेले राहिले आणि खांदा दुखायचा थांबला. पडद्याचे डुलणेही बरेच कमी झाले.

आकड्यांचे काय? या मापाच्या लॅपटॉपवर आकड्यांच्या कळांचा वेगळा चौकोन नसतो. स्टेशनजवळ पाचशे रुपयांना सुटा चौकोन मिळाला. आरसा केल्यावर लॅपटॉपच्या स्वतःच्या कळा बंद होतात, पण बाहेरून जोडलेल्या चालू राहतात. तो चौकोन डावीकडे ठेवला. ह्यांनी उभा जन्म उजव्या हाताने आकडे टिपले, आता डावीकडे. रकाना निवडायला बोटाऐवजी पेनाचे टोक, एक्सेलमधली बटणे सुटी सुटी करणारा ‘टच मोड’, आणि अक्षरे दीडपट मोठी. साध्या कळांवर काम करायचे झाल्यास शिफ्टचे बटण लागोपाठ पाचदा दाबावे. ‘स्टिकी कीज’ सुरू करू का, असे यंत्र विचारते. मग दोन कळा एकदम धरून ठेवाव्या लागत नाहीत, एकामागून एक दाबल्या तरी चालतात. ही सोय कोणत्याही स्वस्त विंडोज संगणकावर आहे. इतकी वर्षे तो प्रश्न चुकून पडद्यावर आला की मी वैतागून ‘नको’ म्हणत असे.

मराठीसाठी मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच ‘फोनेटिक’ टंकफलक आहे. रोमन अक्षरांत उच्चार टंकला की देवनागरी उमटते. सभेची नोटीस मी तशी लिहिते. ह्यांना बोलून लिहिणे आवडते. गुगल डॉक्समध्ये मराठी बऱ्यापैकी उमटते, फक्त ‘थकबाकी’ म्हणताना आवाज चढतो आणि शेजारी ऐकतात.

एका गोष्टीत मात्र मी मोठी आशा धरली होती आणि ती फोल ठरली. वाटले होते, पेनाने पडद्यावर गिरवता गिरवता ह्यांच्या उजव्या हाताला अक्षर परत येईल. चार आठवडे रोज अर्धा तास बसलो. काच गुळगुळीत, पेन निसटायचे, ‘क’चे पोट भलतीकडे जायचे. अखेर थेरपिस्टबाईंनीच सांगितले, कागद आणि जाड शिसपेन्सिल घ्या. कागद पेन्सिलीला थोडा अडवतो, हाताला त्या अडण्याचीच गरज असते. दहा रुपयांची वही आणली. त्या वहीत गेल्या दिवाळीला माझे नाव उमटले, थोडे कलते, पण वाचता येण्याजोगे.

बाकीचे झटपट सांगते. बॅटरी कंपनी म्हणते त्याहून कमी, आमच्या वापरात सव्वापाच तास. चार्जर यूएसबी-सी असल्याने प्रवासात एकच वायर पुरते. मेमरी बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली, नंतर वाढवता येत नाही; म्हणून १६ जीबीच घ्यावी. उशीवर ठेवू नये, हवेची भोके बुजतात आणि पंखा केकाटतो. तंबूसारखा उभा करून स्वयंपाकघरात पाककृती पाहायला फार छान, मात्र ओल्या बोटांना काच दाद देत नाही. मी कोपराने पान उलटते. नागपूरच्या भाचेसुनेच्या मुलाला मी पेनाने लिहून प्रमेये शिकवते, तेव्हा नागमोडी रेघेबद्दल आधीच माफी मागते. पेनात चार ‘ए’ लिहिलेला करंगळीहून बारीक सेल लागतो, तो वाण्याकडे मिळत नाही, दोन आणून ठेवावेत. पाच महिन्यांनी बिजागरी कुरकुरू लागली. सेवा केंद्रात दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला स्क्रू आवळून मिळाला.

ऑगस्टमध्ये ऑडिटरकडे कागद गेले. त्याआधी आठ दिवस ताळेबंदात चाळीस रुपयांचा फरक येत होता. रात्री अकराला ह्यांनी मला हाक मारली, “अगं, सापडले!” सफाईच्या सामानाची एक पावती दोनदा चढली होती. पेनाचे टोक त्या रकान्यावर टेकवून हे माझी वाट पाहत बसले होते.

सभा सप्टेंबरात एका रविवारी गच्चीवर झाली. हिशेब ह्यांनीच वाचले. चहाच्या वेळी सेक्रेटरी लॅपटॉपभोवती घुटमळले, पडदा पुढेमागे करून पाहिला आणि म्हणाले, “मुलीसाठी घ्यायचाच आहे. हाच घेऊ का?”

“तिचे दोन्ही हात चालतात ना?” हे म्हणाले, “मग साधा घ्या. बारा हजार वाचतील.”