तिकीट एकच, दारं अनेक

खडवलीत मेल-एक्स्प्रेस थांबत नाहीत. टिटवाळा, आंबिवली, शहाड मागे टाकत कल्याण गाठायचं आणि तिथून लांबची गाडी पकडायची. म्हणून खासगी ॲपवर 'कुठून'च्या रकान्यात कल्याण निवडा. तिथवरच्या लोकलचं तिकीट वेगळं.

इक्सिगो, पेटीएम, मेकमायट्रिप, कुठूनही काढा, जागा मिळते ती आयआरसीटीसीमार्फत, रेल्वेच्याच साठ्यातून. ॲपचा वेगळा कोटा नसतो, जाहिरात काहीही म्हणो. त्यामुळे आयआरसीटीसीचं खातं लागतंच. तिथे थेट यूपीआयने पैसे भरले तर सेवाशुल्क साध्या डब्याला 10 रुपये, एसीला 20, वर जीएसटी. खासगी ॲप आपला आकार आणखी जोडू शकतं. 'मोफत रद्द'सारख्या सोयीही फुकट नसतात. पैसे भरण्याआधी शेवटची बेरीज वाचा.

तत्काळला 1 जुलै 2025पासून आधार पडताळणी लागते. एसीची खिडकी सकाळी 10ला, साध्या डब्यांची 11ला उघडते. पहिली 30 मिनिटं अधिकृत एजंटांना बंदी.

तिकीट जिथे काढलं तिथेच रद्द करा, परतावाही त्याच वाटेने येतो. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढलात तर विनातिकीट ठराल.