तारण: बँकेतले आणि चर्चमधले

अकोल्याच्या बाजारात 'सोने तारण कर्ज' अशा पाट्या असतात, बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते, आणि त्याच शहरातल्या मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपदेशात तारण हाच शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ पापातून सुटका. हा नुसता योगायोग वाटेल, पण कर्जाची भाषा बायबलच्या मुळातच आहे. येशूच्या अरामी बोलीत 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चाले आणि पापालाही. त्याआधीच्या लेवीयाच्या ग्रंथातला कायदा सांगतो, की गरिबीमुळे विकलेली जमीन जवळच्या आप्ताने सोडवून द्यावी. रूथच्या गोष्टीत तिच्या सासरचा नातलग बवाज अशीच जमीन सोडवण्यासाठी गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो; ज्याचा हक्क पहिला, तो नातलग माघार घेतो आणि व्यवहाराची खूण म्हणून पायातले पायताण काढून देतो. हेच त्यांचे खरेदीखत! बायबलमधला उद्धारक हा असा पदरचे पैसे मोजणारा नातलग आहे. ख्रिस्ती क्षमा समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी: ऋण सुटते तेव्हा नुकसान नाहीसे होत नाही, ते कुणीतरी सोसतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात एका चाकराचे 10,000 तालांत माफ होतात. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत साधारण 6000 दिनारांचा. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. सुटलेला हा चाकर बाहेर पडताच 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगायची रीत आहे, ती मला पटत नाही. तीन महिन्यांहून अधिक मजुरी वऱ्हाडातल्या कुठल्या सालदाराला क्षुल्लक वाटेल? दुखावलेल्याचे येणे खरे असते, म्हणून तर ते सोडणे जड जाते.

शेतकऱ्यांच्या कर्जमाफीने शिस्त बिघडते, हा आक्षेप 2008, 2017 आणि 2019 च्या माफीच्या वेळी ऐकू आला. क्षमेवरही तोच आहे. पाप करा, माफी मागा, पुन्हा मोकळे! पण माफीची रक्कम सरकारी तिजोरीतून गेली, हवेत विरली नाही. आणि क्रूसावर देवाने स्वतःच नुकसान सोसले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. फुकटच्या कृपेवर सर्वांत कडक टीका आतूनच झाली: जर्मन पाळक बोनहोफर यांनी 1937 च्या पुस्तकात तिला 'स्वस्त कृपा' म्हटले. जकातदार जक्कय तर लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायला निघाला. दुसरा आक्षेप न्यायाचा: क्षमा केली की गुन्हेगार सुटतो. ओडिशात 1999 मध्ये नवरा आणि दोन मुलगे जाळले गेल्यावर मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम ठेवली. ग्लॅडिसबाईंनी सूड सोडला, कोर्टाचे काम कोर्टाने केले. ऋण सोडण्याचा अधिकार येणेकऱ्याचा, त्याच्यामागे तगादा लावण्याचा अधिकार कुणाचाच नाही. मार खाणाऱ्या बाईला 'माफ करून टाक' म्हणणारे हे विसरतात, मग ते घरचे असोत की मंडळीतले.

माफीचा आदेश निघाला तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा लगेच उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे लागते, मग फेरफार होतो. येशूचे सांगणेही असेच खेटे घालायला लावणारे आहे: वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा.