आधी बीओएम तपासा, मग सॉफ्टवेअर निवडा

एअरबसच्या ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेल्या वायरिंगच्या जुड्या २००६ साली तुलूझच्या असेंब्लीत बसवायला घेतल्या, तेव्हा अनेक ठिकाणी त्या तोकड्या पडल्या. जर्मनी आणि स्पेनमधले अभियंते कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, ब्रिटन आणि फ्रान्समधले पाचवी. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे नीट उतरत नव्हता. विमानांची डिलिव्हरी सुमारे दोन वर्षं लांबली. २०१० पर्यंतच्या नफ्याला ४.८ अब्ज युरोंचा फटका बसेल, असं एअरबसच्या मूळ कंपनीनं २००६ मध्येच जाहीर केलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचं. सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चाची नवी ईआरपी (खरेदी, उत्पादन आणि खर्च सांभाळणारी) यंत्रणा उभी करायला ४८ महिने लागतील असा अंदाज होता. कंपनीनं ते काम ३० महिन्यांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, यंत्रणा सुरू केली. माल गोदामांत पडून होता, पण १० कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या हॅलोवीनच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

दोन्ही ठिकाणी सॉफ्टवेअर नामांकित होतं आणि पैशांची कमतरता नव्हती. नडली ती माहितीतली बेशिस्त आणि कामाची घाई. चाकण, सातपूर किंवा शिरोलीतला कारखानदार सॉफ्टवेअर घ्यायला निघतो, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न स्वतःच्या नोंदींना विचारायला हवा.

९८ टक्के पुरेसे का नाहीत

स्टोअरमधल्या १०० आयटमपैकी ९८ आयटमचा साठा नोंदीशी जुळतो, हे ऐकायला चांगलं वाटतं. पण असेंब्ली उभी राहायला तिचे सगळे भाग हजर लागतात. प्रत्येक भागाची चूक स्वतंत्र धरली, तर एका असेंब्लीच्या सगळ्या नोंदी बरोबर असण्याची शक्यता अशी येते:

| एका नोंदीची अचूकता | १० भाग | ५० भाग | १०० भाग |
|---|---|---|---|
| ९९ टक्के | ९० टक्के | ६१ टक्के | ३७ टक्के |
| ९८ टक्के | ८२ टक्के | ३६ टक्के | १३ टक्के |
| ९५ टक्के | ६० टक्के | ८ टक्के | १ टक्क्याहून कमी |

म्हणजे ५० भागांचा पंप बनवणाऱ्याच्या नोंदी ९८ टक्के अचूक असल्या, तरी दर तीन पंपांपैकी सुमारे दोन पंपांच्या नोंदींत कुठेतरी चूक निघेल. ईआरपी याच नोंदी खऱ्या मानून पर्चेस ऑर्डर काढते. चुकीच्या नोंदीवर चालणारी महागडी यंत्रणा चुकीची खरेदी फक्त जास्त वेगानं करते.

पीएलएम आधी की ईआरपी?

वस्तू कशी बनवायची, कुठल्या ड्रॉइंगचं कुठलं रिव्हिजन आज लागू आहे, बदल कुणी मंजूर केला, हे पीएलएम सांभाळतं. किती माल मागवायचा, कधी बनवायचा, काय खर्च आला, हे ईआरपी पाहते. दोघांचा सांधा बीओएम, म्हणजे भागांच्या यादीत असतो. डिझाइनवाल्याच्या यादीत रंग, ग्रीस आणि पॅकिंग बहुधा नसतं, उत्पादनाच्या यादीत ते लागतंच. या दोन याद्या जुळवायची जबाबदारी कुणाची, हे ठरलं नसेल तर दोन्ही सॉफ्टवेअर घेऊनही एक्सेलच्या फाइली फिरतच राहतात.

ग्राहकाच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करणाऱ्यानं ईआरपी आधी घ्यावी. त्याला पीएलएमपैकी रिव्हिजनवरचं नियंत्रण तेवढं पुरतं. ज्याचं डिझाइन स्वतःचं आहे, ज्याच्याकडे एका मशीनची अनेक व्हेरिएंट आहेत आणि महिन्याला डझनभर बदल होतात, त्यानं आधी पीएलएमकडे पाहावं.

बजेट कुठून काढायचं

व्हेंडरच्या कोटेशनवरून बजेट ठरवू नये. आपल्याच ताळेबंदातून ते काढता येतं. समजा, वार्षिक उलाढाल ५० कोटी आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या निकषांत लघुउद्योगासाठी उलाढालीची मर्यादा १०० कोटींची आहे, म्हणजे उलाढालीच्या निकषावर हा कारखाना त्यात येतो. मालाचा खर्च ६० टक्के धरला, तर वर्षाला ३० कोटी. साठा ६० दिवसांचा असेल तर सुमारे ४.९३ कोटी रुपये अडकलेले आहेत. तो ४५ दिवसांवर आणला की सुमारे १.२३ कोटी मोकळे होतात, आणि १० टक्के दरानं वर्षाचं १२ लाखांच्या आसपास व्याज वाचतं. स्क्रॅप मालाच्या २ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आलं तर आणखी १५ लाख. लायसन्स, इम्प्लिमेंटेशन, ट्रेनिंग आणि नोंदी साफ करण्याची मजुरी मिळून वर्षाचा खर्च या २७ लाखांच्या बराच खाली राहायला हवा. तो वर जात असेल तर मॉड्यूल कमी करा.

करारावर सही करण्याआधी

डेमो आपल्या मालावर मागा. एक अवघड असेंब्ली, तिची खरी बीओएम आणि मागच्या वर्षातला एक डिझाइन बदल द्या, आणि तो बदल शॉप फ्लोअरपर्यंत कसा पोचतो ते पाहा.

कस्टमायझेशनला मर्यादा घाला. लिडल ही जर्मन किराणा साखळी साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरायची. तिनं घेतलेल्या सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीची होती. लिडलनं आपली पद्धत न सोडता सॉफ्टवेअर बदलून घेतलं, आणि सात वर्षं व सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

आवृत्तीचं आयुष्य विचारा. सॅपच्या ईसीसी या जुन्या ईआरपीच्या शेवटच्या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतो. सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर आपला डेटा आपल्याला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची आहे, आणि ५ कोटींहून जास्त उलाढालीला ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस. या दोन्ही गोष्टी मूळ किमतीत आहेत का, तेही तपासा.

आणि हे सगळं करण्याआधी स्टोअरमधले ५० आयटम निवडून प्रत्यक्ष मोजा. ९८ टक्के किंवा त्याहून कमी जुळले, तर पहिले सहा महिने आणि पहिला पैसा नोंदी सुधारण्यावर घाला. व्हेंडर थांबतील. त्यांचं सॉफ्टवेअर तोवर आणखी सुधारलेलं असेल, आणि तुमचा कारखाना ते पेलायला तयार असेल.